पुण्याले जाऊन राहिलो

एप्रिलची दुपार होती. नागपूरची एप्रिलची दुपार कशी असते, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पंखा गरम हवाच फिरवत होता आणि माझ्यासमोर इतवारीतला एक मुलगा उभा होता. बी.कॉम. झालेला. पुण्याच्या एका कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलेलं. तयारी म्हणून मी त्याला इंग्रजीत विचारलं, उद्याचा बेत काय? तो छताकडे बघत एकेक शब्द जुळवत म्हणाला, ‘आय विल गो टुमारो पुणे फॉर टू गिव्ह इंटरव्ह्यू.’ मी चूक सांगितली, त्याने ती वहीत उतरवून घेतली आणि खाली मान घालून बसला.

तास संपल्यावर तोच मुलगा दाराशी थांबला. ‘मॅडम, दोन दिवस येत नाही मी. उद्या पुण्याले जाऊन राहिलो, इंटरव्ह्यू द्याले.’

मी त्याला परत आत बोलावलं. त्याचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली इंग्रजी लिहीत गेले. ‘जाऊन राहिलो’च्या खाली ‘ॲम गोइंग’. ‘पुण्याले’मधल्या ‘ले’खाली ‘टू’. ‘द्याले’मधल्या ‘ले’खाली पुन्हा ‘टू’. आय ॲम गोइंग टू पुणे टुमारो टू गिव्ह ॲन इंटरव्ह्यू. मुलाखत देणाऱ्या उमेदवारासाठी इंग्रज ‘गिव्ह’ वापरत नाही, ही शब्दाची बाब झाली. वाक्याचा सांगाडा मात्र बिनचूक होता, आणि तो त्या मुलाच्या तोंडात आधीपासून होता. वर्गात उभं राहिल्यावर त्याने तो बाजूला ठेवला आणि शाळेत मिळालेला दुसरा, मोडका सांगाडा उचलला.

तेव्हा माझ्या नोकरीची पंचवीस वर्षं झाली होती. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट शोधत आले: हा मोडका सांगाडा नागपुरात आला कुठून?

त्यासाठी मागे जावं लागतं. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता. गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तक नाकारून १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. त्याच वर्षी जुलैत लंडनहून शिक्षणाविषयीचा वुडचा खलिता निघाला आणि सरकारी शिक्षणाची घडी बसायला सुरुवात झाली. इंग्रजी मात्र नागपुरात त्याच्याही आधी येऊन बसली होती. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ मध्ये इथे आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे इथवर पोचली. १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज सुरू झालं. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभारही याच प्रांताला जोडला गेला. एम्प्रेस मिलचे भोंगे वाजत होते, संत्र्याच्या गाड्या लागत होत्या, पण सुशिक्षित घरांचा डोळा सचिवालयावर, कचेरीवर आणि कोर्टावर होता. हे शहर कारकुनांचं झालं, आणि कारकुनाची इंग्रजी म्हणजे अर्जाची इंग्रजी.

माझे आजोबा अर्जनवीस होते. सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाच्या आवाराबाहेर निंबाच्या झाडाखाली त्यांची पेटी असे. शेतकऱ्याने आपलं गाऱ्हाणं सांगायचं आणि आजोबांनी ते साहेबाला कळेल अशा भाषेत उतरवायचं, हा त्यांचा धंदा. त्यांची एक वही आमच्या घरी आहे. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला इंग्रजी. ‘मिळण्याकरिता’, ‘करण्याकरिता’, ‘होण्यासाठी’ असे शब्द डावीकडे. उजवीकडे ‘फॉर द पर्पज ऑफ’, ‘विथ अ व्ह्यू टू’, ‘इन ऑर्डर दॅट’. शेवटी प्रत्येक अर्जाला एकच शेपूट: आपला अर्जदार सदैव प्रार्थना करीत राहील, ‘शॅल एव्हर प्रे’. त्या वहीत ‘गोइंग टू’ एकदाही नाही. असणार कसं? अर्जात कोणी आपला बेत सांगत नाही. अर्जात माणूस मागतो, विनवतो आणि वचन देतो.

मला तिथेच पहिली गाठ सापडली. शेतकरी आजोबांना सांगत असेल, ‘बैल घ्याले पैसे पायजे.’ आजोबा लिहीत, ‘बैल खरेदी करण्याकरिता’. मग त्या ‘करिता’चं होई ‘फॉर’. कचेरीच्या मराठीने हेतू सांगायचं सगळं काम ‘करिता’ आणि ‘साठी’ या शब्दांवर टाकलं आणि दोन्हींच्या समोर ‘फॉर’ मांडून ठेवला. नामापुढे तो चालतो. पैशासाठी, बैलासाठी, मुलाखतीसाठी म्हणायचं तर ‘फॉर’ अगदी बरोबर. पण ‘घेण्यासाठी’, ‘देण्यासाठी’, ‘शिकण्यासाठी’ म्हटलं की मुलगा आधी सवयीने ‘फॉर’ लिहितो, मग त्याला ‘टू’ आठवतो, आणि दोन्ही एकापुढे एक बसतात: फॉर टू गिव्ह, फॉर टू लर्न. उत्तरपत्रिकांमध्ये ही जोडी मी हजारो वेळा लाल शाईने कापली आहे.

ती कापताना मला ठाऊक नव्हतं की ‘फॉर टू’ ही एके काळी चांगली, शिष्ट इंग्रजी होती. चौदाव्या शतकातल्या चॉसरने ती वापरली आहे, १६११ च्या बायबलातही ती आहे. पुढे तिथल्या लिहिणाऱ्यांनी ती टाकून दिली. म्हणजे हेतू सांगताना ‘साठी’ आणि ‘ला’ एकत्र घालावेसे वाटणं ही इतवारीच्या पोराची मंदबुद्धी नव्हे. इंग्रजांनी स्वतः काही शतकं तेच केलं आहे.

दुसरी गाठ भविष्यकाळाची. ती सोडवायला मला जास्त वेळ लागला.

आमच्या पिढीला शाळेत तक्ता पाठ होता: मी जाईन, आय शॅल गो, तू जाशील, यू विल गो, तो जाईल, ही विल गो. वचन किंवा निश्चय सांगायचा असेल तर उलट करायचं, ‘मी’ला ‘विल’ लावायचा आणि इतरांना ‘शॅल’. नियम ठसवायला बुडणाऱ्या माणसाची गोष्ट असे. एक परदेशी माणूस नदीत पडतो, ‘शॅल’च्या जागी ‘विल’ आणि ‘विल’च्या जागी ‘शॅल’ ओरडतो, आणि काठावरच्या इंग्रजांना वाटतं की याचा बुडायचा निश्चयच आहे, वाचवू नका म्हणून हा हुकूम देतो आहे. वर्ग हसे. मला ती गोष्ट कधीच आवडली नाही. व्याकरण चुकलं म्हणून माणूस बुडू द्यायचा, यात हसण्यासारखं काय आहे?

हा नियम आला कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. जॉन वॉलिस हा ऑक्सफर्डचा गणिताचा प्राध्यापक. अनंताचं चिन्ह गणितात त्यानेच आणलं. त्याने १६५३ मध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये, परदेशी लोकांनी इंग्रजी शिकावी म्हणून. ‘शॅल’ आणि ‘विल’ची ही वाटणी त्यात मांडलेली आहे. पुढच्या व्याकरणकारांनी ती एकमेकांकडून घेतली आणि ती नियम होऊन बसली. १९०६ मध्ये फाउलर बंधूंनी आपल्या ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात कबूल केलं की ही वाटणी दक्षिण इंग्लंडच्या माणसाला जन्मतः जमते, बाकीच्यांना ती शिकून क्वचितच येते. १९२५ मध्ये चार्ल्स फ्राइज या अमेरिकी अभ्यासकाने नाटकांमधल्या संवादांची मोजदाद करून दाखवलं की प्रत्यक्ष बोलण्यात हा नियम पाळला जात नाही. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड व्याकरण आलं आणि भारतभरच्या शाळांमध्ये ‘शॅल-विल’चा पाठ तसाच चालू राहिला. हे रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ कादंबरीचे लेखक. मुंबई इलाख्यात ते शिक्षण खात्यात होते.

नागपूरच्या बाबतीत यात आणखी एक भर आहे. इथे इंग्रजीची पहिली शाळा काढणारे हिस्लॉप स्कॉटलंडच्या सरहद्दीजवळच्या डन्स गावचे. स्कॉटलंडची आणि आयर्लंडची माणसं ‘शॅल’ आणि ‘विल’ इंग्रजांसारखं वापरत नाहीत, ही इंग्रज व्याकरणकारांची जुनी तक्रार. म्हणजे ज्यांनी आम्हाला ही भाषा प्रथम दिली, त्यांच्या घरच्या बोलीत हा नियम नव्हता. त्यांनाही कधीतरी शाळेत कोणीतरी टोकलं असेल.

हिस्लॉप यांचा शेवट मला या ठिकाणी सांगावासा वाटतो. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटला गेले होते. तिथे जमिनीत पुरलेली दगडांची प्राचीन वर्तुळं आहेत, ती उकरून बघायला, मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर. तिथून बोरीची शाळा तपासून घोड्यावरून रात्री परतत असताना नाल्याला पूर आलेला होता. ते त्यात बुडाले. वय पंचेचाळीस. गोंडांच्या आणि इतर आदिवासींच्या बोलींवर त्यांनी जमवलेले कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. नागपूरला इंग्रजी शिकवणारा हा पहिला माणूस आयुष्यभर इथल्या लोकांची बोली टिपून घेत होता. त्यांच्यानंतर आलेल्या आम्हा इंग्रजीच्या मास्तरांनी ते काम सोडून दिलं, आणि माझ्या मते सगळं बिघडलं ते तिथे.

मी महालातल्या एका शाळेत पाचवीत गेले तेव्हा इंग्रजी सुरू झाली. पहिल्याच महिन्यात बाईंनी विचारलं, दिवाळीत काय करणार? मी म्हटलं, ‘मी मामाच्या गावाले जाऊन राहिली.’ बाई दुसऱ्या मुलखातून आलेल्या, त्यांना ते वाक्य ऐकवेना. ‘जाऊन राहिली म्हणजे? गेली आणि तिथेच राहिली? आणि मुलगी “राहिली” म्हणते की “राहिले”?’ मला बाकावर उभं केलं. मग म्हणायला लावलं, ‘मी मामाच्या गावाला जाईन.’ आणि मग, ‘आय शॅल गो टू माय अंकल्स व्हिलेज.’ दोन्ही वाक्यं मी दहा-दहा वेळा लिहिली. आमच्या घरात कोणीही, कधीही ‘मी मामाच्या गावाला जाईन’ असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मामाने बैलगाडी पाठवायचं कळवलं होतं, आईने पुरणपोळ्यांचं सामान बांधलं होतं, जाणं ठरलेलं होतं. ‘जाईन’ म्हणजे जमलं तर जाईन, बघू. बाईंनी माझा ठरलेला बेत माझ्याकडून डळमळीत करवून घेतला आणि तो डळमळीतपणा इंग्रजीत पाठ करवून घेतला.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाची भविष्यकाळाची अडचण मुळात ही आहे. आपल्याकडे पुढचं सांगायच्या अनेक रीती आहेत आणि प्रत्येकीचा भाव वेगळा आहे. ‘चहा मी करीन’ म्हणतो तेव्हा आपण त्या क्षणी जबाबदारी घेतो. इंग्रजीत तिथे ‘विल’. ‘मी यंदा परीक्षा देणार आहे’ म्हणतो तेव्हा मनात पक्कं केलेलं असतं. तिथे ‘गोइंग टू’. ‘परवा आम्ही अमरावतीला जातोय’ म्हणतो तेव्हा तिकीट काढलेलं, माणसांना कळवलेलं असतं. तिथे ‘आर गोइंग’. ‘गाडी सहाला सुटते’ म्हणतो तेव्हा ते वेळापत्रक असतं. इंग्रजीतही साधा वर्तमानकाळच. इतक्या जोड्या तयार असताना शाळेच्या तक्त्याने त्यातली एकच, ‘जाईन’ची, उचलली आणि तिला भविष्यकाळ असं नाव दिलं. बाकीच्या वर्तमानकाळात किंवा संयुक्त क्रियापदांत जाऊन पडल्या. मुलगा इंग्रजीत उद्याबद्दल बोलायला लागला की त्याला तेवढा एक दरवाजा दिसतो, आणि तो सगळं त्यातून कोंबतो: ‘विल गो’, ‘विल कम’, ‘विल डू’.

आणि नागपूरच्या मुलाकडे तर त्याहून जास्त होतं. ‘जाऊन राहिलो’ ही रचना हिंदीच्या ‘जा रहा हूँ’ची सख्खी बहीण. गोंड राजांच्या काळापासून हिंदी आणि मराठी या शहरात एका अंगणात नांदत आल्या आहेत, त्यातून ती आली. चालू क्रिया आणि ठरलेला बेत, दोन्हींना ती एकच रूप वापरते. ‘काय करून राहिला बे?’ ‘जेवून राहिलो.’ ‘उद्या काय करून राहिला?’ ‘रामटेकले जाऊन राहिलो.’ इंग्रजी अगदी हेच करते: आत्ता जेवतोय त्यालाही ‘ॲम ईटिंग’, उद्या रामटेकला जायचंय त्यालाही ‘ॲम गोइंग’. पुस्तकं या दुसऱ्या वापराला अवघड धडा म्हणून मागे ठेवतात. नागपूरच्या मुलाला तो पहिल्या दिवशी येत असतो.

‘ले’चंही तसंच. मले, पुण्याले, शिकाले. माणूस, गाव आणि हेतू, तिन्हींना एकच प्रत्यय. इंग्रजीचा ‘टू’ या तिन्ही जागी बसतो. ‘कायले आला?’ या प्रश्नातसुद्धा तोच ‘ले’ आहे आणि ‘शिकाले’ या उत्तरातही तोच. पुण्या-मुंबईच्या मराठीत ‘मला, पुण्याला, शिकायला’ हेच काम करतात, तेव्हा ही काही एकट्या विदर्भाची मिरास नाही. पण लिहिताना आपण ‘शिकायला’ खोडून ‘शिकण्यासाठी’ लिहितो, कारण ते शुद्ध वाटतं. त्या एका बदलाने मुलाच्या हातातला ‘टू’ जातो आणि ‘फॉर’ येतो.

भविष्य आणि हेतू या दोन गाठी वेगळ्या वाटतात, पण इंग्रजीच्या इतिहासात त्या एकाच दोरीच्या आहेत. ‘गोइंग टू’ आधी खरोखरचं चालणं होतं. पाणी आणायला चाललो, म्हणजे पाय चालत आहेत आणि हेतू पाण्याचा. बोलता बोलता पाय थांबले, हेतू तेवढा उरला, आणि ‘आणायला चाललो’चं ‘आणणार’ झालं. जोशुआ पूल नावाच्या शिक्षकाने १६४६ मध्येच आपल्या छोट्या व्याकरणात याची नोंद केली आहे. म्हणून ‘आय ॲम गोइंग टू स्टडी’ ऐकून मुलं गोंधळतात: अभ्यास करायला कुठे निघाला, की अभ्यास करणार आहे? दोन्ही अर्थ त्यात एके काळी एकत्र होते. मराठी याच कामाला जाण्याऐवजी येणं वापरते. भिंत पडायला आली, भात शिजायला आला. हे मी वर्गात सांगायला लागले तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा आपापली वाक्यं द्यायला लागली. ‘मॅडम, माह्या सायकलचं चाक निघाले आलं.’ हे सांगताना तो ‘गोइंग टू कम ऑफ’पर्यंत स्वतः पोचला.

या बोलीची नोंद कोणी केलीच नव्हती असं नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात वऱ्हाडी-नागपुरीला जागा मिळाली. १९११ मध्ये केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं, ते आजही मला लागतं. पण ग्रिअर्सनचा खंड ग्रंथालयात राहिला आणि शाळेत फक्त प्रमाण मराठी गेली. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ झालं, १९५६ मध्ये हे शहर राजधानीपण गमावून मुंबई राज्यात आलं, १९६७ मध्ये पुण्यात बालभारती स्थापन झाली. २००० सालापासून इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीत आली. प्रत्येक वेळी पुस्तकं बदलली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघरी होती, ती गेली आणि तिच्या जागी रॅपिडेक्स आलं. सीताबर्डीत आणि धरमपेठेत स्पोकन इंग्लिशच्या पाट्या लागल्या. मुलाच्या तोंडातल्या वाक्यापासून सुरुवात करणारं पुस्तक मात्र माझ्या हाती आजवर आलेलं नाही.

त्या मुलाला पुण्याची नोकरी मिळाली नाही. दुसरी मिळाली, नागपूरच्याच मिहानमध्ये. मी निवृत्त झाले, पण घरी चार मुलं येतात. त्यांना पहिले पंधरा दिवस मी इंग्रजी वाक्य देतच नाही. आपापल्या बोलीत उद्याचे बेत लिहून आणायला सांगते आणि त्याखाली इंग्रजी मांडते. ‘फॉर टू’ माझ्याकडे आता क्वचित येतं.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. पाचवीला किंवा पहिलीला इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनो, यंदा पहिल्या दिवशी तक्ता लावू नका. मुलांना विचारा, ‘उद्या काय करून राहिले रे तुम्ही?’ आणि ती जे सांगतील, ते एक अक्षरही न बदलता फळ्यावर लिहा.